सातवी फळी

डिसेंबरात बंधाऱ्याला फळ्या घालायच्या,
मे अखेरीस काढायच्या.
जलस्रोत खात्यात एकवीस वर्षं माझं एवढंच काम.
एका गाळ्याला सात फळ्या,
फटींत चिकणमाती दाबून भरली की पाणी थांबतं.
पाणी थांबलं की कुळागरांतले पंप सुरू होतात
आणि मी वाळपईला सही करायला जातो.

मासे मी कधी मोजले नव्हते.
मासे खायचे असतात.

मग इवेत कुलासो आली, मडगावची,
गुडघाभर पाण्यात, डोक्यावर भावाची टोपी.
मला वाटलं, मासे धरणार.
ती दगड उचलत होती.
एकेक दगड पट्टीला लावून आकडा सांगायची
आणि मी वहीत उतरवायचो:
चार सेंटिमीटर, अकरा, सहा, परत सहा, अडीच.
शंभर दगड झाल्यावर पाठ सरळ करत म्हणाली,
घर मोजतोय काका. घरवाले नंतर.

बंधाऱ्याखाली, जांभळांच्या सावलीत, पाणी चोवीस अंश.
वर, जिथे काठ साफ करून सुपारी लावलीय,
तिथे एकतीस.
माणसाच्या अंगात सात अंश चढले
तर शेजारी लाकडं गोळा करायला लागतात.

वरच्या पाण्यात तिने दोन दगडांमधली फट
बोटाने उकरली, बोट मला दाखवलं.
लाल. खाण बंद होऊन किती वर्षं झाली,
माती अजून खाली उतरतेच आहे.
खडसाची मादी अशा फटीत अंडी सोडते म्हणे,
आणि फटीतून पाणी खेळलं नाही
तर अंडी आतल्या आत गुदमरतात.
माझी थोरली जन्मली तेव्हा
बाळंतिणीच्या खोलीला मी नवी खिडकी पाडली होती.
ते का कोण जाणे आठवलं.

मग जाळं. वर एकशे बारा मासे, खाली सदतीस.
मी हरखलो. बघ म्हटलं, बंधाऱ्याने मासे वाढले!
ती वहीतून मान न काढता म्हणाली,
एकशे बारांत एकशे चार तिलापिया.
खाली सदतीसांत अकरा जाती.
खडस एक. वीतभर.

एक.
माझा बापूस कोंडीवरच्या कातळावर बसून
शिळा भात टाकायचा, तेव्हा खालून जे वर यायचं
त्याचा रंग मला पक्का ठाऊक आहे:
चिंचेने घासलेलं तांब्याचं तपेलं.
त्याने कधी आकडा सांगितला नाही.
'खूप' हा त्याचा आकडा.

त्या डिसेंबरात मधल्या गाळ्यात मी सहाच फळ्या घातल्या.
वरून हातभर पाणी वाहत राहिलं,
रात्रीसुद्धा आवाज यायचा.
आठव्या दिवशी घैसासांचा फोन:
पंप हवा ओढतोय.
फळी कुजली, म्हटलं. नवी मागवलीय.
नव्या फळीला टेंडर लागतं.
मार्च उलटला तरी ती आली नाही,
खात्याचे उपकार मी असे पहिल्यांदाच मानले.

घैसासांची दोन-तीनशे रोपं वाळली, हेही खरं.
बाजारात भेटले की ते माझ्याकडे बघत नाहीत.

इवेत आता म्हापशाला शिकवते.
एका फळीने काय होतं, मी फोनवर विचारलं.
एका वर्षात काही सांगता येत नाही काका.
निदान दहा हवीत.
दहा वर्षांनी मी निवृत्त असेन
आणि ती बहुधा दुसऱ्या नदीत.

फळी घरी आहे. कुजलेली वगैरे काही नाही.
बायको तिच्यावर सोलं वाळवते.

पट्टी मात्र इवेत विसरून गेली होती.
आज सकाळी फळ्या काढून झाल्यावर
पाण्यात उतरलो, शंभर दगड उचलले.
तेवीस हाताला स्वच्छ लागले.
त्या वर्षीच्या वहीत एकोणीस आहेत.
चार जास्त, ते फळीने की गेल्या पावसाने
की माझ्याच हाताने हवे ते दगड निवडले,
मला सांगता येणार नाही.

मासे मी अजूनही मोजत नाही.