अनौरस

सेंट हेलेनावर एका झाडाचं नाव आहे
बास्टर्ड गमवुड.
कुणा साहेबानं ठेवलं असेल,
घोड्यावरून खाली उतरायचेही कष्ट न घेता :
दिसतं गमवुडसारखं, पण ते नव्हे.
झालं. वहीत गेलं. वहीतलं पुसत नाहीत.

मी रोपवाटिकेत लागले तेव्हा
ते एकच उरलं होतं, कड्याच्या कपाळावर,
खाली नुसता अटलांटिक.
ऑबरी योन कमरेला दोर बांधून उतरायचा,
मी वर दोर धरून, टाचा मातीत रोवून.
त्याच्या दातांत शाळेतून मागून आणलेला ब्रश,
दोन नंबरचा, मुलं ज्यानं आभाळ रंगवतात.
या फुलाचे पराग त्या फुलाला.
पण झाड मानी. स्वतःचं स्वतःला घेईना.
बी धरायचं ते पोकळ.
ताटात घेऊन फुंकर मारायची, उडालं ते फोल.
अख्ख्या हंगामात
न उडालेल्या बिया
अकरा.

त्या अकरांचे वाफे झाले.
मग जहाजातून एल्स्पेथ हॅडविन आल्या,
गळ्यात भिंग, बोटांना चिकाचा वास.
पानाची कड, पानावरची लव, देठाचा बाक
बघून त्या रोपं निवडत, तांदूळ निवडावेत तशी.
उजवीकडे शुद्ध.
डावीकडे संकर : पलीकडच्या उतारावरच्या
साध्या गमवुडचं परागकण माशीच्या पायाला लागून आलेलं.
डावीकडची खताच्या खड्ड्यात.

"म्हणजे बाई," ऑबरी म्हणाला,
"अनौरसाचं रक्त आपण शुद्ध राखायचं?"
आणि इतका हसला की मातीच्या पोत्यावरच बसला.
एल्स्पेथबाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, मिसळत गेलं तर पन्नास वर्षांत
हे झाड फक्त नावापुरतं उरेल.
आणि ते खरं होतं.
मला अजूनही खरं वाटतं.

तक्ता भरायचं काम माझं.
रकाने तीन : इथलं, आणलेलं, घुसखोर.
फ्लॅक्सपुढे मी घुसखोर लिहिलं.
त्या संध्याकाळी आजोबांना वाचून दाखवलं.
चाळीस वर्षं त्यांनी फ्लॅक्स कापला, गिरणीत वाहिला.
त्याची सुतळी व्हायची,
विलायतेतली टपाल बांधायला.
नायलॉन आलं नि गिरणी थांबली.
तळहातावरच्या पांढऱ्या चिरांकडे बघत म्हणाले,
"घुसखोर? पगार होता तो."

ज्या बेटावर माणूसच नव्हतं
तिथं दोन पायांवर चालणारं सगळं आणलेलंच.
माझ्या पणजीची आई गुलामांच्या जहाजातून सोडवून उतरवलेली,
तापानं फणफणलेली, तिला नाव इथं मिळालं.
पणजोबा कँटनचे की मद्रासचे, यावर घरात भांडणं.
आणि चर्चच्या नोंदवहीत माझ्या नावापुढे
बापाच्या रकान्यात
एक रेघ आहे. पट्टी लावून मारलेली. अगदी सरळ.

म्हणून नव्हे.
म्हणजे, म्हणून असेलही.
डावीकडचं एक रोप मी दुधाच्या डब्यात घालून घरी नेलं.

आता ते माझ्या खांद्याला लागतं.
पान धड याचं नाही, धड त्याचं नाही,
पण धुक्यात ओलं झालं की
त्याला वास येतो तो कुणाचाच नाही, त्याचाच.
दरवर्षी मी त्याच्या कळ्या खुडते.
एक न् एक. नखानं. फुलण्याआधी.
वाफ्यातल्या अकरांसाठी.
त्याला काय वाटतं ते विचारू नका,
माझं नख हिरवं होतं आठवडाभर.

यंदा एक कळी पानाआड राहिली.
आज सकाळी दिसली ती उमलून, कडेनं वाळूही लागलेली.
दोनतीन दिवस तरी झाले असतील.
वारा आग्नेयेचा, नेहमीचा.
माशा त्याच्याबरोबर जातात.
कुठं, ते मला बोटावर मोजून सांगता येईल.

अजून ऑबरीला सांगितलेलं नाही.
ब्रश धुऊन उन्हात ठेवलाय.
उद्या वाफ्यात बी धरायचं आहे,
ताट घासलंय, फुंकर मारायला.