चार्ज देताना

हे घे, शिवलीला, किल्ल्या.
मोठी रेकॉर्ड रूमची; दार जरा उचलून धरलं
तरच फिरते, पावसाळ्यात तर दोघं लागतात.
लहान कपाटाची.
तिसरी कशाची, ते माझ्या आधीच्या शिरस्तेदारालाही माहीत नव्हतं.
यादीत आहे, म्हणून देतोय.

बोर्ड आदल्या संध्याकाळीच काढायचा.
आधी नुसत्या तारखा, मग अर्ज, मग साक्षी,
निकाल असलाच तर तो.
कणकुंबीकडची माणसं पहिल्या बसनं खानापुरात उतरतात,
भिंतीवर बोट फिरवत नाव शोधतात.
ज्यांना कन्नड वाचता येत नाही
ते आकडा पाठ करून येतात, एकशे बारा, एकशे बारा,
देवाचं नाव घ्यावं तसा.

मौलासाब तीनदा पुकारतो.
एकदा आत, एकदा व्हरांड्यात,
आणि एकदा फाटकाबाहेर, पार चहाच्या गाड्यापर्यंत.
नियमात इतकं लांब नाही.
पण 'गैरहजर' लिहिण्याआधी त्याच्याकडे बघ.
त्यानं मान हलवली, तरच लिही.

समन्स, साक्षीदाराचा बत्ता, जप्तीचा माल नाझरकडे.
सध्या एक शिलाई मशीन, दोन सायकली
आणि पितळेचं एक घंगाळ,
ज्याचा दावा मिटला पण न्यायला कोणी आलं नाही.
अमीन 'घरास कुलूप' असा शेरा घेऊन परत आला
तर आधी महिना बघ.
सुगीत सगळ्याच घरांना कुलूप असतं.

आपल्यावर बेळगाव, बेळगाववर धारवाड.
आपण सगळ्यांत खाली.
पण साक्षीदाराचा चेहरा फक्त इथंच दिसतो,
वर जातो तो कागद.

बाईसाहेब चामराजनगरकडच्या. मराठी थोडं कळतं,
तरी विचारताना माझ्याकडे बघतात.
साक्षीदार मराठीत बोलणार, मी कन्नडात सांगणार,
त्या लिहून घ्यायला सांगणार, टायपिस्ट बडवणार,
मग ते सगळं उलटं, मराठीत वाचून दाखवायचं.
बरोबर आहे? सही. नाहीतर अंगठा.

भरमाणी रवळू गुरव. बांधाचा दावा, प्रतिवादी, वय सत्तरच्या पुढं.
वकिलांनी विचारलं, बांधावरचं जांभळीचं झाड
वादीच्या वडिलांनी लावलं, हे खरं?
तो खिडकीतून बाहेर बघत म्हणाला,
"असंल की."

तू घरी कन्नड, बाजारात मराठी बोलणारी.
'असंल की' म्हणजे काय, तुला सांगायला नको.
त्यात होय असतं, नाही असतं,
मी तेव्हा गुरांमागं होतो असतं,
मेलेल्या माणसाला कशाला मधे आणता, हेही.

पावणेपाच वाजले होते.
मी म्हणालो, "हौदु."
'इरबहुदु' म्हणायला तीनच अक्षरं जास्त लागली असती.

वाचून दाखवताना मी 'होय' वाचलं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
मग अंगठा पुढे केला.
शाईचं पॅड मीच धरलं होतं.

निकालपत्राच्या सातव्या पानावर ते 'होय' आहे.
बेळगावनं अपिलात तेच उचललं.
कायद्यानं कोणी चुकलं नाही.
झाड कुणी लावलं, मला अजून ठाऊक नाही.
बांधावरची जांभळ बहुतेक पाखरंच लावतात.

खालच्या ड्रॉवरमध्ये एक वही आहे, ती यादीत नाही.
व्हय की. काय म्हाईत. तसंच म्हणायचं.
बगूया. म्हणत्यात बाबा.
एकेका शब्दापुढं कन्नडातला जवळचा शब्द,
काहींच्या पुढं नुसती रेघ.
अडलीस तर बोललेला शब्द आहे तसाच घालायला सांग.
बाईसाहेब रागावणार नाहीत.
रागावल्या तरी.

आता इथं सही कर. इथं. तिन्ही प्रतींवर.
त्या तिसऱ्या किल्लीसमोरही.