डावा तळवा

मला कुणी विचारत नाही. मतं तीस,
ती वर काचेआड बसणाऱ्यांची.
मी कुंपणाआड, बुलपेनमध्ये, एकोणीस वर्षं
उकिडवा.
सामन्याआधी स्टार्टरचे बॉल झेलायचे,
सामना पिकला की रिलीफवाल्यांचे,
मग दार उघडून बाजूला व्हायचं.
डाव्या हाताचं पहिलं बोट आता
दुसऱ्या कुणाचं तरी वाटतं.
अंगठी कधीच उजव्या हातात गेली.

ट्रूअक्सचा बॉल जड.
नेब्रास्काचा गडी; पाठीवरचं मक्याचं पोतं
कुणी तळहातावर उतरवून ठेवावं, तसा.
दोनशे चौदा इनिंग या वर्षी.
एप्रिलात एरी सरोवरावरून बर्फाची पूड येत होती तेव्हा,
जुलैत टोपीवर मिठाच्या रेघा उमटल्या तेव्हा,
दर पाचव्या दिवशी, पोस्टमनसारखा.

केसादाचा बॉल जड नाही.
तो येतो, आणि बोट म्हणतं, आला होता.
आसुआ गावचा एलादियो केसादा. एकसष्ट इनिंग.
एवढ्यात तर ट्रूअक्स नुसता गरम होतो,
असं बिअर विकणारी मार्लीस म्हणते.
आयत्या बिळावरचा नागोबा, म्हणते ती,
सात इनिंग एकानं खिंड लढवायची
आणि यानं येऊन हात उंचवायचे!
गेटवरचा ओटिस तिकिटं फाडता फाडता सांगतो,
हत्ती जातो गं सगळ्यांचा.
शेपटाला कधी हात लावलायस?

दोघांचं पटतं मला.
हीच माझी अडचण.

कारण मी मोजलेत
फोन वाजला, केसादा उठला,
पंचवीस बॉल टाकले, फोन वाजला, बसला,
असे दिवस. एकतीस.
ते कुठल्याच वहीत नाहीत.
ते इथे आहेत, अंगठ्याच्या मुळाशी,
थंडीत जास्त.

आणि ऑगस्टातली ती रात्र.
आठवी इनिंग, एका धावेची आघाडी,
ट्रूअक्स दोन माणसं बेसवर ठेवून निघाला,
दंडावर बर्फ बांधायला.
मी दार उघडलं. केसादा गेला.
पहिलाच बॉल भिंतीवर आदळला,
आमच्यापासून चार हातांवर. कुंपण हललं.
दोघेही घरी पोचले.
हिशेबाची रीत अशी की त्या दोन्ही धावा
ट्रूअक्सच्या खात्यावर. हारही त्याचीच.
केसादाच्या नावापुढे शून्य, धुतल्या तांदळासारखं.
उसनवारी एकानं केली, बुडवली दुसऱ्यानं,
वसुली पहिल्याच्या दारात.

सगळे गेल्यावर केसादा शॉवरखाली बूट घालूनच उभा होता.
ट्रूअक्सनं नळ बंद केला, टॉवेल फेकला.
म्हणाला, माझी माणसं होती ती.
मीच बसवली होती तिथे.
केसादाला इंग्रजी कमी येतं. मी सांगितलं
माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये.
मग तो जे बोलला ते मी ट्रूअक्सला सांगितलं नाही.

नोव्हेंबर. मेव्हण्याचं टायरचं दुकान, रेडिओ.
ट्रूअक्सला मिळालं. मिळायलाच हवं होतं.
दोनशे चौदा म्हणजे दोनशे चौदा.
यादी वाचत वाचत तो माणूस शेवटी म्हणाला,
केसादा, एक मत, पाचव्या जागेसाठी.
एक.
जॅक वर करता करता मी थांबलो.
तिसांपैकी कोण असेल तो?
कधी उतरून कुंपणापाशी आला होता का,
की नुसताच चुकला?

संध्याकाळी आसुआहून फोन. मागे कोंबडे,
कुणीतरी भांडी आपटत होतं.
बक्षिसाचं अक्षर काढलं नाही त्यानं.
जानेवारीत लवकर येतो म्हणाला, नवा बॉल शिकतोय,
आत वळणारा.
मग म्हणाला, ह्रुस्का, हात कसाय तुझा?

मी बघितला. ग्रीस लागलं होतं.
म्हणालो, टायर बदलतोय.