हळकुंड

मार्केट यार्डात तिसऱ्या ओळीला, मोठ्या काट्यापाशी
तवनाप्पा मगदूम बसायचे.
पोतं चढलं की एक रेघ,
चार उभ्यांवर पाचवी आडवी,
आणि अधूनमधून, हिशेबात नसलेला, एक ठिपका.
"हा निर्धाव," म्हणायचे. हमाल हसायचे.

मी हमालाचा पोरगा, डबा घेऊन जायचो.
एकदा त्यांनी माझ्या तळव्यावर
जाडसं हळकुंड ठेवलं.
बोटं अशी. अंगठा मोकळा. मनगट सगळ्यात शेवटी.
"फेकायचं नाही रे, सोडायचं.
वळायचं त्याचं त्यानं ठरवू दे."

बोटीतले अठरा दिवस, समुद्र, काही आठवत नव्हतं त्यांना.
आठवायचा थंडगार चेंडू,
"मेलेल्या बेडकासारखा,"
आणि चहापर्यंत कप्तानानं न मारलेली हाक.
मग चौतीस षटकं. एक्याऐंशी धावा.
स्लिपमध्ये दोनदा
अंगठ्या घालणाऱ्या हातांतून सुटलेला झेल.
त्यांना कोण बोलणार?
बळी एक. उंच गोरा, पुढं आला,
पाय आला, बॅट आली,
चेंडू मात्र वारणेसारखा
ऐन हरिपुरापाशी वळला.

पुन्हा तार आली नाही.
कुणी म्हणे भांडण, कुणी म्हणे इंग्रजी.
ते म्हणायचे, "काटा बरोबर होता. माल कमी पडला."
गल्लीनं सत्काराचं काढलं तेव्हा
उठलेसुद्धा नाहीत जागचे:
"अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायचं नसतं,
आणि मी तर हळदीतच बसतोय."

ब्लेझर तेवढा जपलेला.
कसर लागू नये म्हणून हरिपुरात, शेठजींच्या पेवात,
धोतराच्या फडक्यात गुंडाळून, हळदीवर.
तीन वर्षांनी पेव उघडलं.
आधी कंदील सोडला, तो विझला नाही,
मग माझा बाप उतरला.
निळा ब्लेझर वर आला तो हिरवा होऊन.
त्यांनी तिथंच अंगात घातला, भर उन्हात, बटणं लावून.
टाळी कुणी वाजवली नाही,
बाप अजून खाली होता, दोराला हात हवे होते.
त्यांनीही धरला. डाव्यानं.

पुढं महापुरात पेवंच गेली.
काट्यावर आता लाल आकडे येतात,
रेघा मारायच्या राहिल्या नाहीत.
दुपारी माल नसला की
मी फरशीवर एक हळकुंड सोडतो.
काल सरळ गेलं.
परवा वळलं होतं.