टोळीत जाडा लागतोच

सीताबर्डीच्या फूटपाथवर आठ आण्याला एक
मिळायची ती पुस्तकं, पुठ्ठा सुटलेली,
शेवटचं प्रकरण वाळवीनं आधीच वाचलेली.
त्यातली पोरं सुटीत पाठीवर पिशव्या टाकून निघायची,
कुणाच्यातरी गोठ्यात गवतावर झोपायची
अन् सकाळी चोर पकडून द्यायची.
जिंजर बिअर म्हणजे काय, कोणालाच ठाऊक नाही.
उमाठे म्हणाला, आल्याचं सरबत असंल बे.
आईनं तेच केलं. गूळ जास्त पडला.

नाताळची सुटी. एसटीनं मनसर,
तिथून पायी रामटेक.
कप्तान मी, कारण पुस्तक माझं.
अन्वर हुशार, उमाठे धाडसी,
आणि टोळीत एक जाडा लागतोच,
खादाड, भित्रा, पानोपानी हसायला.
खुशाल वैरागडेला आम्ही विचारलं नाही.
डबे तेवढे त्याच्या गळ्यात अडकवले.
तो चालला. घामानं त्याची कॉलर ओली,
आणि आम्ही मागून ओरडतोय, हळू खा रे, हळू!
त्यानं झाकणही उघडलं नव्हतं.

मँगनीजच्या खाणीपाशी अन्वर कुजबुजला,
इथंच असतील स्मगलर.
आम्ही पळसाआड बसलो.
तेवढ्यात वरच्या वाटेनं एक माणूस उतरला,
काळा, म्हणजे रंगानं नाही, धुळीनं,
पापण्यासुद्धा काळ्या, हातात सब्बल.
उमाठे सगळ्यांत आधी पळाला.
मग अन्वर. मग, लिहितो आता, मी.

खुशाल तिथंच उभा.
म्हणाला, बाबा, हे माझे दोस्त आहेत.

नागपुरात तो मावशीकडे राहतो
एवढंच आम्हाला माहीत होतं.

बाबांनी सरबत झाकणातून घेतलं,
झणका आहे, म्हणाले, आणि पुन्हा मागितलं.
मग माझ्या हातातलं पुस्तक बघायला घेतलं.
टोप्या घातलेली पाच पोरं, एक कुंपण, एक कुत्रा.
यातला आमचा खुशाल कोणता?

मी बोट ठेवलं उंच पोरावर,
जो सगळ्यांच्या पुढे उभा होता.
बाबांनी त्यावर अंगठा फिरवला. डाग पडला.
खुशाल दुसरीकडे बघत राहिला.
ते पुस्तक त्यानं दोनदा वाचलं होतं.

तिथून पुढे आपापला डबा
ज्यानं त्यानं घेतला.
गडाच्या पायऱ्यांवर वानरांनी
उमाठेच्या पोळ्या पळवल्या,
तेव्हा हसलो, सगळे,
खुशाल जरा उशिरा.