सहा हजारांवरचा काटा

दुकान बंद करायच्या वेळी ब्रेडा कोझेल आल्या,
जून महिना, आणि कानांवर लोकरीची टोपी.
म्हणाल्या, बशीत चमचा पडला तरी
दाताखाली खडा आल्यासारखं होतं मला,
आणि तरी ऐकायचंय.
ल्युब्ल्यानाच्या रेडिओत एकतीस वर्षं फिती कापल्या,
कान विकून खाल्ले म्हण.
उरलेत ते सोललेले.

पहिला दिला तो सगळ्यात महाग:
चुंबकांच्या दोन रांगांमध्ये ताणलेला पडदा,
केसाहून पातळ, ज्याच्यासाठी लोक गाडी विकतात.
अकरा सेकंद. झांजा वाजल्या
आणि बाईंनी तो उतरवला, तापला तवा ठेवावा तसा.
दुसरा सौम्य म्हणून नावाजलेला,
इतका की व्हायोलिनवाल्यांनी हातमोजे घातलेत.
"गोड बोलतो," बाई म्हणाल्या, "पण खोटं."
तिसरा मानेला जड.
चौथ्यावर थांबल्या. उघड्या पाठीचा,
जाळीतून खोली आत येते, गाणं बाहेर जातं,
काच न बसवलेली खिडकीच.
फक्त एक जागा, म्हणाल्या,
'स' आला की टोचतं.

आणि आमच्या भाषेत स, श, झ, च यांचीच दाटी,
माणूस नुसती ख्यालीखुशाली विचारतो
तरी चार काटे.

मोजून पाहिलं. सहा हजार हर्ट्झच्या जरा अलीकडे
आलेखात उभा एक सुळका.
आमच्या ट्रिग्लाव्हला निदान तीन डोकी,
याला एकच, आणि ते टोकदार.

मग लागलो कामाला.
कातड्याच्या गाद्या काढून मखमली लावल्या, खर्ज गळाला.
पुन्हा कातड्याच्या.
नमद्याची चकती, नाण्याएवढी, मधोमध भोक. एक.
मग आणखी अर्धी, मग ती नको.
मग कागदी रुमालाचा एक पदर,
होय, नाक पुसायचा तोच,
दीड हजार युरोंच्या पडद्यासमोर.
राहिलेलं कॉम्प्युटरवर: अरुंद खाच, साडेतीन डेसिबल खाली.
बाई डोळे मिटून, एक बोट वर.
बोट खाली आलं की टोचलं.
नवाच्या सुमारास बोट वरच राहिलं.
मी म्हटलं, झालं.

तेव्हा त्यांनी फोनमधून एक तुकडा लावला.
बोहिन्य, चौऱ्याहत्तर साल, पहाट.
वडील लांब दांड्याच्या कोयत्याला धार लावतायत.
निसणा बैलाच्या शिंगात, शिंगात पाणी, शिंग कमरेला.
पोलादावर दगड, म्हणजे सगळा मामला
नेमका त्या सुळक्याच्या आसपास.
अहो, मी म्हटलं, हे तर तुमच्या...

बाई ऐकत होत्या.
उघड्या पाठीतून मलाही येत होतं, बारीक:
पाणी हिंदकळलं, कुत्रा, कुणाचे तरी बूट,
मग दगड. पोलादावरून जात होता
लोण्यावरून जावा तसा.

"बोथट केलंस तू," बाई म्हणाल्या, रागानं नाही.
"या कोयत्यानं गवत पडायचं नाही."

कागद काढला. नमदा राहू दिला.
खाच साडेतीनवरून दोनवर,
मग एक पूर्णांक आठ.
दगड टेकला तसा त्यांचा खांदा उडाला,
जबडा आवळला,
टोपी मुठीत चुरगळली.
हात मात्र कानांकडे गेला नाही.

दोन्ही बाजू घासून झाल्या. शेवटी
लांबून एक माणूस ओरडतो,
पुरे आता, फीत वाया घालवू नकोस.

बाई हसल्या की नाही ते सांगता येत नाही,
पाठ माझ्याकडे होती.
पैसे मोजले, आकडे कागदावर लिहून घेतले,
दोनदा तपासले, टोपी घातली, गेल्या.

रुमालाचा पदर टेबलावरच होता.
मी त्यानं चष्मा पुसला
आणि दिवा घालवला.
खटका किती मोठ्यानं वाजतो
हे मला त्या रात्री कळलं.