बुधवार, अकरा वाजता

फॉर्मवर प्रश्न वीस.
नावाने हाक मारली तर बघतो का?
बोटाने दाखवतो का, तो बघ कावळा?
दोन शब्द जोडतो का, पाणी दे, आई ये?
कोकरी आगारच्या गल्लीत, लोखंडी शिडीच्या वरच्या पायरीवर
मी एका हाताने कठडा धरून विचारते
आणि आतला मिक्सर बंद होतो.

शकिलाबी म्हणाली, हुजैफ हुशार आहे हो,
बाटल्यांची झाकणं रंगावारी लावतो,
एक हललं तर रात्रभर जागा.
सांगताना ओढणीचं टोक इतकं पिळलं तिने
की मीच म्हटलं, बाई, पाणी द्या जरा.

सेल्वीची आजी म्हणाली, आमच्यात मुली उशिरा बोलतात.
तोवर सेल्वी माझ्या चपलेचा पट्टा
उघड, बंद, उघड, बंद,
माझ्याकडे एकदाही न बघता.

दीपालीचा प्रज्योत तर फॉर्म संपेपर्यंत
पत्र्यावर जाऊन आला.

दोन ते सहा वर्षांची पोरं, माझ्या वाट्याला दोनशे चौदा.
पहिल्या आठवड्यात खुणा नऊ झाल्या,
मग चौदा, मग एकवीस.
वाटलं मीच चुकतेय.
चष्मा पुसून पुन्हा मोजलं.
मॅडम म्हणाल्या, असतातच एवढी, ताई.
समोरच्या टॉवरमध्येही असतात,
तिथे तुम्हाला दार उघडत नाहीत इतकंच.

असतातच.
हा शब्द उशाशी घेऊन झोपले त्या रात्री
आणि काशिनाथ आठवला, माझा धाकटा भाऊ,
रहाट कुरकुरला की दोन्ही कान गच्च दाबायचा.
गावात त्याच्यासाठी एक शब्द होता,
तो मी इथे लिहीत नाही.
त्याची खूण कुठल्याच रकान्यात नाही.
तेव्हा रकानाच नव्हता.

पण सांगायचं होतं ते वेगळंच.
फॉर्म भरून झाला, दार अर्धं लोटलं, की
प्रत्येकजण एकच विचारते,
शेजारी ऐकू जाईल अशा धाकाने, अगदी हळू:
या गल्लीत अजून कोणी आहे का हो?
की आमचाच?

आणि मला सांगता येत नाही.
नियम आहे. सही केलीय मी.
शकिलाबीची भिंत आणि दीपालीची भिंत
एकच भिंत आहे, साडेचार इंची.
अलीकडे एक म्हणते, माझ्याच नशिबी का,
पलीकडे दुसरी, त्याच भिंतीला पाठ टेकून, तेच.
मधे एक खिळा आहे, इकडून ठोकलेला.
टोक तिकडे निघालंय,
त्याला दीपाली प्रज्योतचं दप्तर अडकवते.

म्हणून परवा चिठ्ठ्या लिहिताना
(मुलांची ओपीडी, आधार कार्ड आणणे)
तिघींना तीन वेगळे वार द्यायचे होते
आणि माझा हात ऐकेना.
बुधवार, अकरा वाजता.
बुधवार, अकरा वाजता.
बुधवार, अकरा वाजता.

आज मी खांबाआड उभी आहे, चोरासारखी.
आधी कोणी कोणाकडे पाहिलं नाही.
शकिलाबीने चिठ्ठी उलटी धरली,
दीपाली मोबाइलमध्ये, बंद मोबाइलमध्ये.
मग हुजैफने झाकणांची पिशवी लादीवर ओतली.
एक निळं घरंगळत गेलं
सेल्वीच्या आजीच्या पायाशी.
ती वाकली, गुडघा धरून, वेळ लागला तिला.
विचारलं, हे कुठे रे लावायचं, बाळा?

त्याने वर पाहिलं नाही.
बोटाने दाखवलं.

फॉर्मवर मी तिथे ‘नाही’ लिहिलंय.
खोडायचं का, डॉक्टरांना विचारीन.
आत्ता दीपाली बाकावर जरा सरकलीय,
म्हणतेय, अगं शकिला,
बस ना.